कल्पित म्हणजे असत्य काय?

काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील चाळीसेक माणसे हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेस निघाली होती. नगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, आणखी दोन कुटुंबे बरोबर घ्यायची होती. म्हणून माळशेज घाट चढून आळेफाट्यास आलेली बस संगमनेरकडे न वळता आणे घाटाच्या वाटेने जाणार होती. फाट्यावर चहासाठी गाडी थांबली. चालक त्याच मुलखातला. मुलांनी त्याच्याभोवती कोंडाळे केले आणि त्याने त्यांना जवळच्या आळे गावातील रेड्याच्या समाधीची गोष्ट सांगितली. पैठणच्या विद्वानांनी संन्याशाची मुले म्हणून ज्ञानदेवादी भावंडांस झिडकारले. तेव्हा ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. पुढे त्या भावंडांबरोबर चालत आलेल्या रेड्याने आळे येथे देह ठेवला, अशी ती कथा.

"दादा, रेडा खरंच बोलला?" एका चिमुरडीने विचारले.

"माझ्या आज्यानं सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं," चालक हसून म्हणाला.

आम्ही शेजारीच उभे होतो. धर्मशिक्षणाचा वर्ग घेण्याची सवय अंगात मुरलेली. आम्ही म्हणालो, "बाळांनो, या भाकडकथा. आपल्यात असलं काही नसतं."

बसच्या पायरीवर एक तेरा वर्षांचा मुलगा जाडजूड पुस्तक वाचीत बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "सर, बलामची गाढवी बोलली होती ना? तुम्हीच वर्गात सांगितलंत."

सारे हसले. आम्हीही हसलो, पण मनातून दुखावलो. गाडी सुटल्यावर आम्ही त्या मुलाजवळ गेलो आणि पुस्तक पाहिले. टॉल्कीन या इंग्रज लेखकाची ती मुद्रिकेची कादंबरी होती. बुटके, राक्षस, मायावी अंगठी असा सारा मामला. "यात्रेला निघालास ना? मग हातात जपमाळ घे. हे काय वाचतोस?" असे म्हणून आम्ही ते पुस्तक आपल्या पिशवीत टाकले. तो काही बोलला नाही.

आणे गावी चाक बदलण्यासाठी गाडीला तासभर थांबावे लागले. पठारावर वारा सुटला होता आणि बाजरीची शेते डोलत होती. त्या मुलाची आई आमच्याजवळ आली. खालच्या आवाजात म्हणाली, "सर, त्याचे पप्पा आजारी होते तेव्हा तो त्यांना रोज रात्री हे पुस्तक वाचून दाखवायचा. शेवटची पन्नास पानं राहिली आणि ते गेले. ती तो आता वाचतोय."

वाचकहो, त्या क्षणी आमच्या खांद्यावरची पिशवी किती जड झाली, ते आम्ही सांगू शकत नाही. त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. जे घडले नाही ते सांगणे म्हणजे असत्य सांगणे काय? आणि श्रद्धावंत कुटुंबात अशा अद्भुत कथांना जागा असावी काय?

प्रथम असत्य म्हणजे काय ते पाहू. संत ऑगस्टीन यांनी लबाडीविषयी स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. लबाडीचे मर्म त्यांनी फसविण्याच्या हेतूत पाहिले. मनात एक ठेवून दुसऱ्यास भुलविण्यासाठी वेगळे बोलणे ही लबाडी. याच संतांनी अन्यत्र असेही म्हटले आहे की, आपण रचलेली प्रत्येक गोष्ट लबाडी ठरत नाही. रचलेली गोष्ट काही अर्थाकडे बोट दाखवीत असेल, तर ती सत्याचेच एक रूप होय. आजी नातवाला म्हणते, "एक होता राजा." तेव्हा आजी फसवीत नाही आणि नातूही फसत नाही. दोघांमध्ये न बोलता एक करार झालेला असतो. त्या करारात असत्याला जागाच नसते.

पवित्र शास्त्रानेही हा करार मानला आहे. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम डोंगरावर उभा राहून लोकांना गोष्ट सांगतो. झाडे राजा निवडण्यास निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नकार देतात, आणि अखेर काटेरी झुडूप राजा होते. बलामच्या गाढवीची हकीकत घडलेला प्रसंग म्हणून सांगितली आहे. परंतु योथामची झाडे निखळ कल्पनेतली आहेत, हे सांगणाऱ्यास ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यासही. नाथान संदेष्टा दावीद राजापुढे गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. तशी मेंढी कुठेही नव्हती, पण त्या नसलेल्या मेंढीने राजाचे असलेले पाप उघडे केले. सरळ आरोप केला असता, तर राजाने कदाचित तलवार उपसली असती. आणि उधळ्या पुत्राचे काय? त्याचे नाव कोणत्या गावच्या दप्तरात सापडेल? तरीही दोन हजार वर्षे तो घरी परत येतो आहे आणि त्याच्याबरोबर असंख्य पुत्र परत येत आहेत. कल्पित तेवढे असत्य म्हणणाऱ्याने प्रभू येशूच्या दाखल्यांपाशी क्षणभर थांबावे.

आळ्याच्या रेड्याकडे आता आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. तो चमत्कार घडला की नाही, हा वारकरी बंधूंच्या श्रद्धेचा विषय. त्यात आम्ही न्यायाधीश होऊ नये. परंतु ती कथा काय सांगते, हे समजण्यास श्रद्धेची अट नाही. ज्ञान ही कोणा एकाची मिरासदारी नव्हे आणि ज्याला जग मुका पशू म्हणते त्याच्याही ठायी देवाचा श्वास आहे, हे ती सांगते. समाजाने बहिष्कृत केलेल्या चार मुलांची बाजू तिने घेतली. अशा कथेस 'भाकड' म्हणताना आमचीच जीभ भाकड झाली होती.

यावर कोणी म्हणेल, "दाखल्यात बोध असतो. पण राक्षस आणि बुटके यांच्या कादंबऱ्यांत काय असते? ती तर जीवनापासून पळवाट!" हा आक्षेप जुना आहे आणि आपल्या मराठीतही तो ऐकू आलेला आहे. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजेच नाथमाधव, यांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी 1913 साली प्रसिद्ध झाली. आमच्या आजोबांच्या पिढीने ती कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र जागून वाचली, आणि वडीलधाऱ्यांनी "वेळ फुकट घालवतोस" म्हणून कान पिळले. पण ते लिहिणारा माणूस कोण होता? ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून पडल्याने ज्याचे कमरेखालचे शरीर लुळे झाले, असा तो माणूस. ज्याचे पायच लुळे पडले होते, त्याने साऱ्या महाराष्ट्राला घोड्यावर बसवून दौडविले. ही पळवाट म्हणावी काय?

टॉल्कीन यांनी याच आक्षेपाला उत्तर दिले आहे. परीकथांविषयी त्यांनी 1939 साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे व्याख्यान दिले होते. पळून जाणारे दोन प्रकारचे असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय: एक रणांगणातून पाठ दाखविणारा शिपाई, दुसरा तुरुंगातून घराकडे धाव घेणारा बंदिवान. पहिल्याला दोष द्यावा, दुसऱ्याला कोणी द्यावा? तुरुंगात असतानाही जो भिंतींपलीकडच्या जगाविषयी बोलतो, तो वास्तवापासून पळत नाही. भिंती म्हणजेच सारे जग नव्हे, एवढेच तो सांगतो.

हे लिहिणाऱ्यास भिंती ठाऊक होत्या. टॉल्कीन यांचा जन्म 1892 सालचा. चौथ्या वर्षी वडील गेले. 1900 साली त्यांच्या आईने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यामुळे नातलग दुरावले आणि पैशाची मदत आटली. 1904 साली मधुमेहाने आईचेही निधन झाले. तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्यांचा आणि धाकट्या भावाचा सांभाळ बर्मिंगहॅम येथील ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. पुढे 1916 साली सोमच्या भीषण लढाईत ते खंदकांत होते. पहिल्या महायुद्धाने त्यांचे जिवलग मित्र हिरावून नेले. अशा माणसाने 1937 साली 'द हॉबिट' आणि 1954-55 साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' प्रसिद्ध केले. हा ग्रंथ मुळातच धार्मिक व कॅथलिक आहे, असे त्यांनी एका धर्मगुरू मित्रास पत्राने कळविले होते.

आणि तरीही या ग्रंथात कोठे चर्च नाही, मिस्सा नाही, प्रवचन नाही. मग कॅथलिक ते काय? कथा अशी: एक अंगठी आहे. ती घालणाऱ्यास सत्ता देते आणि हळूहळू त्याचा आत्मा खाते. शहाणे व बलवान लोक तिला हात लावण्यास घाबरतात. ती नष्ट करण्याचे काम फ्रोडो नावाच्या एका सामान्य, बुटक्या जीवावर येते. वाटेत थकल्याभागल्यांस बळ देणारी एक पातळ भाकरी त्याच्याजवळ असते. आपल्या वाचकांना त्या भाकरीवरून काय आठवेल, ते सांगावयास नको. शेवटी अग्निकुंडाच्या काठावर तो नायक हरतो. अंगठी टाकण्यास नकार देतो! कार्य सिद्धीस जाते ते गॉलम नावाच्या एका घातकी, दीनवाण्या प्राण्यामुळे, ज्याला मारणे सहज शक्य असताना पूर्वी दयेने जिवंत सोडलेले असते. मनुष्याचे सामर्थ्य संपते तेथे, पूर्वी केलेली दया कृपा होऊन परत येते. या घटनेची तारीख लेखकाने 25 मार्च दिली आहे: देवदूताने मरियेस निरोप दिल्याच्या सणाचा दिवस.

एवढे म्हटल्यावर हेही म्हटले पाहिजे की, सर्वच अद्भुत कथा सारख्या नाहीत. मुलांच्या हाती काहीही पडू द्यावे, असे आमचे मत नाही. काही कथा क्रौर्याची चटक लावतात. काही मंत्रतंत्राने हवे ते मिळविण्याची हाव जागवितात. मग पारख कशी करावी? आम्ही आमच्यापुरत्या तीन कसोट्या ठरविल्या आहेत. कथा सत्तेची लालसा वाढविते की सत्ता सोडावयास शिकविते? दुर्बळाविषयी आणि वैऱ्याविषयीही करुणा वाढते की आटते? आणि पुस्तक मिटल्यावर घर, भाकरी, शेजारी, झाड अधिक प्रिय वाटतात की नकोसे होतात? या कसोट्यांवर कित्येक 'धार्मिक' गोष्टी नापास होतील आणि राक्षसांच्या काही गोष्टी उत्तीर्ण होतील.

कल्पित कथेची मर्यादाही टॉल्कीन जाणून होते. 1931 सालच्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्ड येथे एका रात्री ते, सी. एस. लुईस आणि ह्यूगो डायसन फिरत बोलत होते. पुराणकथा कितीही सुंदर असल्या तरी अखेर खोट्याच, असे लुईस यांचे मत होते. टॉल्कीन यांनी त्यांस पटविले की, निर्माता देवाच्या प्रतिरूपात घडलेला मनुष्य कथा निर्माण करतो, म्हणून त्याच्या कथांत सत्याचे कवडसे असतात. आणि ख्रिस्ताची कथा ही इतिहासात खरोखर घडलेली कथा आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस यांनी ख्रिस्तावरील श्रद्धा स्वीकारली. कवडसा म्हणजे सूर्य नव्हे, हे खरे. परंतु अंधाऱ्या खोलीतील मुलाला सूर्य आहे हे प्रथम कवडशावरूनच कळते.

आणे घाटाखाली गुळुंचवाडीस ओढ्यावर एक नैसर्गिक शिळापूल आहे. पाहणाऱ्यास वाटावे की तो कोणा महाकाय हाताने बांधला असावा. प्रत्यक्षात पाण्याने युगानुयुगे कातळ पोखरून तो घडविला आहे. भूगोल आम्हांला पाण्याचे काम सांगतो आणि ते खरे आहे. पण "हे कोणी बांधले?" असे विचारण्याची मनाची ओढही खरी आहे. ती ओढ मेली, तर मूल पुलावरून जाईल, पण पूल पाहणार नाही. आणि मिस्सेत भाकर उंचावलेली असतानाही त्याला फक्त भाकरच दिसेल.

त्या दिवशी आणे गावी चाक बसेपर्यंत आम्ही त्या मुलापाशी गेलो. पिशवीतून पुस्तक काढून त्याच्या हाती दिले आणि म्हणालो, "चुकलं माझं. किती पानं राहिली?"

"एकोणीस, सर," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "मोठ्यानं वाचू? पप्पांना तसंच आवडायचं."

आम्ही त्याच्या शेजारी बसलो. पुढल्या बाकावरची आई मान न वळविता ऐकत होती. चालकाने गाडी सुरू केली, पण हॉर्न वाजविला नाही. टाकळी ढोकेश्वर मागे पडेपर्यंत तो वाचीत होता. पुस्तक मिटल्यावर त्याने खिशातून आपली जपमाळ काढली. ती त्याच्याजवळ सकाळपासूनच होती; आम्ही विचारले नव्हते एवढेच.