पुस्तक मिटून काढलेला नकाशा

मधोमध विषय, त्यातून फुटणाऱ्या रंगीत फांद्या आणि प्रत्येक फांदीवर एकच शब्द. माइंड मॅपचा हा साचा टोनी बुझान यांनी १९७४ साली बीबीसीवरच्या मालिकेतून लोकांपर्यंत नेला. आज स्पर्धापरीक्षांची मुले अभ्यासिकेत बसून तयार माइंड मॅपच्या पीडीएफ चाळतात. दहावीच्या इतिहासात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असे विचारतात, म्हणून गाइडमधली भरलेली चित्रे पाठ होतात. मला हे फार खटकते. विषयाची मांडणी करताना काय वर, काय खाली, कशाचा कशाशी संबंध, हे ठरवावे लागते, आणि शिकणे घडते ते त्या ठरवण्यात. दुसऱ्याने ते ठरवून दिले की हाती उरते ती घोकायची आणखी एक यादी.

पण स्वतः नकाशा काढला म्हणजे पुरे झाले, असेही नाही. जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. काही विद्यार्थ्यांनी उतारा समोर ठेवून संकल्पनाचित्र काढले. काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढले. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते, अगदी चाचणीत चित्रच काढायला सांगितले तेव्हासुद्धा. मग नकाशांचा नाद सोडावा का? आक्षेप वजनदार आहे. मात्र याच दोघांनी २०१४ साली विद्यार्थ्यांना उतारा न बघता चित्र काढायला लावले, तेव्हा ते आठवून लिहिण्याइतकेच उपयोगी ठरले. म्हणजे दोष चित्राचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता. पुस्तक समोर असले की हात नक्कल करतो. ते मिटले की कोणती फांदी कोरी राहते ते लगेच दिसते आणि पुन्हा काय वाचायचे ते कळते. यात वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. पण तोच धडा चौथ्यांदा वाचण्यातही वेळ जातोच, आणि त्यातून आपल्याला काय येत नाही ते समजत नाही.

एकशब्दी फांद्यांचा बुझान यांचा आग्रह मात्र मला मान्य नाही. ‘१९७२चा दुष्काळ’ आणि ‘रोजगार हमी’ यांच्यात नुसती रेघ ओढली तर काहीच कळत नाही. दुष्काळाने योजनेला जन्म दिला, की आधीच रुजू लागलेली कल्पना त्याने राज्यभर नेली? रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांचे काम दुष्काळाआधीचे आहे, हे आठवले तरच रेघेवर नेमके क्रियापद लिहिता येते. रोजगार हमीचा १९७७चा राज्याचा कायदा आणि २००५चा केंद्राचा कायदा यांच्यामधल्या रेघेचेही तसेच. अमेरिकेत जोसेफ नोव्हाक यांनी विकसित केलेल्या संकल्पनाचित्रात रेघेवर असे जोडशब्द लिहावेच लागतात, म्हणून अभ्यासासाठी मी त्यांची पद्धत उजवी मानतो. भूमितीतल्या सिद्धतेला मात्र यातले काहीच लावू नये. तिथे पायऱ्यांचा क्रम हाच विषय असतो, आणि तो ओळीखाली ओळ लिहूनच कळतो.