स्मृती हरपलेली आई आणि आपले सत्य

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे परिसरात मराठवाडा-विदर्भातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. गावी एकट्या पडलेल्या आईला मुलगा येथे, दोन खोल्यांच्या घरात आणतो. अशाच एखाद्या घराची कल्पना करा. मगरिबच्या सुमारास आई दाराशी जाऊन विचारते, “तुझे अब्बा अजून आले नाहीत?” अब्बांच्या निधनाला दहा वर्षे झालेली. खरे सांगावे, तर मृत्यू आजच घडल्याप्रमाणे ती आक्रंदते आणि उद्या पुन्हा तोच प्रश्न विचारते. ‘येतील’ म्हणावे, तर असत्य ठरते. मुलाने काय करावे?

प्रथम आजार समजून घेऊ. स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे. भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना तो असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमरमध्ये बहुधा नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो; जुन्या आठवणी अधिक काळ टिकतात. म्हणून आई तरुणपणातील संध्याकाळ जगत असते.

सूरह नहलमध्ये ज्ञानानंतर पुन्हा अज्ञानाकडे नेणाऱ्या वार्धक्याचा उल्लेख आहे. सूरह बनी इसराईलमध्ये वृद्ध माता-पित्यांना ‘उफ्’देखील न म्हणण्याचा आदेश आहे. त्यांनी आपल्याला ओळखले तरच, अशी अट त्यात नाही.

मग सत्याचे काय? आईच्या प्रश्नामागे विरह आहे. उत्तर त्या विरहाला द्यावे. “अब्बांची आठवण येते ना, अम्मी? ये, बस, त्यांच्याविषयी सांग.” यात एकही शब्द खोटा नाही, आणि जखमही नाही.

तिच्यासमोर बसावे, एका वेळी एकच लहान वाक्य बोलावे, उत्तरासाठी थांबावे. ‘मला ओळखलेस का?’ अशी परीक्षा न घेता आपले नाव आपणच सांगावे. नमाजमध्ये रकात चुकली, तर हटकू नये, ज्याची बुद्धी हरपली त्याच्यावरून हिशोबाची लेखणी उचललेली असते, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. आणि ही सेवा केवळ सुनेवर सोपवून मुलाने मोकळे होऊ नये. आदेश संततीला आहे.

आपण रागावलो हे आई विसरेल, पण त्या रागाची भीती तिच्या मनात रेंगाळेल. तिला काही आठवो न आठवो, अल्लाहला मात्र विस्मरण नाही. तो आपल्या वाणीत नम्रता आणि हातांत धीर देवो. आमीन.