न झालेल्या पिकाची गोष्ट

एखादी वनस्पती माणसाने खाल्ली, औषधाला वापरली, तिचे बी साठवून ठेवले, म्हणजे त्याने तिची शेती केली असे म्हणता येईल का? या प्रश्नाने उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासकांना अनेक दशके गुंतवून ठेवले, आणि त्यात मध्यवर्ती ठरली जायंट रॅगवीड (अँब्रोसिया ट्रायफिडा) ही सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती. नदीकाठच्या गाळात उगवणारी ही वर्षायू वनस्पती एका हंगामात माणसाच्या दुपटीहून उंच वाढते. आज मका-सोयाबीनच्या पट्ट्यात ती शेतकऱ्यांची वैरीण आहे, आणि तिच्या परागांनी उन्हाळ्याच्या अखेरीस असंख्य लोकांना शिंकांनी हैराण केलेले असते. तीच वनस्पती कधीकाळी पेरली जात होती, असे एकेकाळी गंभीरपणे मांडले गेले.

त्याचे निमित्त झाले ओझार्क पठारावरील कोरड्या कपारींचे. मार्क हॅरिंग्टन यांनी १९२० च्या दशकात तिथे उत्खनन केले. पाऊस-ओल न लागल्यामुळे टोपल्या, दोर, कणसे आणि बियाही टिकून राहिल्या होत्या. त्या वानस्पतिक अवशेषांचा अभ्यास करून मेल्विन गिलमोर यांनी १९३१ साली निष्कर्ष मांडला: इथल्या रॅगवीडच्या बिया रानातल्या बियांपेक्षा मोठ्या दिसतात, त्या अर्थी ही वनस्पती लागवडीखाली असावी.

हा निष्कर्ष लोकांना पटला, याचे कारण नुसते बीच नव्हते. तोवर प्रचलित समज असा होता की पूर्व अमेरिकेत शेती आली ती मेक्सिकोकडून, मक्याच्या हाताला धरून. इथल्या लोकांनी स्वतःची पिके आधीच घडवली होती, हे सांगायला साक्षीदार हवे होते. व्होल्नी जोन्स यांनी १९३६ साली केंटकीतल्या न्यूट कॅश हॉलो या कपारीचे अवशेष तपासून स्वतंत्र शेतीची शक्यता अधिक ठामपणे मांडली. सूर्यफूल, मार्शएल्डर आणि चाकवताच्या जातभाईंच्या बिया ही त्यांची भक्कम उदाहरणे होती. या साक्षीदारांच्या रांगेत रॅगवीडही उभी राहिली.

पुढची कलाटणी त्याच जोन्स यांच्या हातून मिळाली. १९६२ साली विलार्ड पेन आणि जोन्स यांनी ओझार्कच्या बियांची आजच्या रानटी रॅगवीडच्या बियांशी नव्याने तुलना केली. रानातही लहान-मोठ्या बिया सापडतात, आणि कपारीतल्या बिया त्या फरकाच्या मर्यादेतच बसतात, असे दिसले. मोठे बी निवडून घरी आणले जाते, म्हणून कोठारातले बी रानातल्या सरासरीपेक्षा मोठे भरते. तेवढ्यावर लागवड सिद्ध होत नाही. एक साक्षीदार उलटला, पण खटला कोसळला नाही, आणि माझ्या मते या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. रॅगवीड वगळूनही पूर्व अमेरिकेच्या स्वतंत्र शेतीचे गृहीतक उभे राहिले, कारण त्यासाठी पुराव्याची जात बदलली.

ब्रूस स्मिथ यांनी १९८४ साली अलाबामातल्या रसेल केव्हमध्ये मिळालेल्या चाकवतवर्गीय बियांवर सूक्ष्मदर्शकाखाली काम केले आणि आकारापेक्षा सालीच्या जाडीला महत्त्व दिले. शेतात पेरलेल्या बीला लवकर उगवण्याचा फायदा मिळतो, म्हणून पिढ्यानुपिढ्या जाड साल आणि सुप्तावस्था गळत जाते; रानातले बी मात्र उगवण्याची घाई करत नाही. मार्शएल्डरच्या बाबतीत इलिनॉयच्या नेपोलियन हॉलोतल्या सुमारे ४४०० वर्षांपूर्वीच्या बिया रानटी आकाराच्या पलीकडे गेलेल्या आढळल्या. तिची बहीणच म्हणावी अशी रॅगवीड, दोघींचे उपकुल एकच. पण माणसाच्या हातांनी एकीचे बी बदलले, दुसरीचे नाही.

याचा अर्थ रॅगवीड निरुपयोगी होती असा नाही. चेरोकी लोक तिची पाने कीटकदंशावर वापरत. मेस्क्वाकी लोक रात्रीची भीती दूर व्हावी म्हणून तिचे मूळ चघळत, असे ह्यूरन स्मिथ यांच्या १९२८ च्या अभ्यासात नोंदले आहे. पण उपयोग म्हणजे लागवड नव्हे. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी आपण आवडीने खातो, आणि तरीही टाकळा कोणी पेरत नाही.

रॅगवीडच्या आजच्या इतिहासाने मात्र शेती बी बदलते हा विचार उलट दिशेने पूर्ण केला आहे. ओहायोतल्या नदीकाठी तिचे रोप वसंताच्या सुरुवातीलाच थोड्या काळात उगवून येते. तिथल्या शेतात हीच उगवण मार्चपासून जुलैपर्यंत लांबते. नांगरणी आणि फवारणी ज्यांना लवकर गाठते ती रोपे मरतात, उशिरा उगवणारी वाचतात. त्यामुळे शेतातल्या बियांची सुप्तावस्था वाढत गेली. पिकाच्या बियांत जे गुण शेतीने काढून टाकले, तेच गुण या तणात शेतीनेच मुरवले. ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारी रॅगवीड ओहायोत २००४ साली नोंदली गेली, तीही याच मालिकेतली.

आपल्याकडचे गाजर गवत याच उपकुलातले. त्याची पुण्यातली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे ते देशभर पसरले. या भगिनींपैकी मार्शएल्डर हे पीक लुप्त झाले, रॅगवीड आणि गाजर गवत मात्र फोफावले. माणसाच्या शेतीने निवड केलीच. फक्त ती त्याच्या इच्छेने केलेली निवड नव्हती.

म्हणून पूर्वजांनी अमुक वनस्पतीची शेती केली असे कोणी सांगितले, तर वाचकाने एक साधा प्रश्न विचारावा: बी सापडले हे कळले, पण त्या बीत काय बदलले? उत्तर मिळाले तर ती शेती. नाही मिळाले, तर ती अजून फक्त साठवण आहे, आणि साठवणीला शेती म्हणण्याची घाई अभ्यासकांनी करू नये.