आधी विश्वास, मग मासा

विश्वास ही वस्तू रोखीनं मिळते की उधारीवर, हा प्रश्न बी. कॉम.च्या परीक्षेत कधी आला नाही. आला असता तर आम्ही तो ऑप्शनला टाकला असता. जमेला काय धरायचं आणि नावे काय टाकायचं, एवढं तीन वर्षं घोकून मी बाहेर पडलो आणि बँकेच्या काउंटरमागे येऊन बसलो. तिथं बसल्यावर कळलं, की हा सगळा धंदा ज्या मालावर चालतो, तो माल ताळेबंदात कुठंच दाखवलेला नसतो. मराठीत त्याला फार चांगला शब्द आहे : पत. पत असेल तर कर्ज. पण नवा माणूस कर्ज मागायला आला की त्याला पहिलाच प्रश्न असा, की यापूर्वी कर्ज घेऊन फेडलंय का? नाही म्हणाला, तर पत कळत नाही म्हणून कर्ज नाही. आणि कर्ज नाही म्हणून पत कळायची सोय नाही. तो बिचारा गोल गोल फिरतो आणि आम्ही त्याला पुढच्या सोमवारी यायला सांगतो.

हेच कोडं मला पुढं नदीच्या काठी भेटलं. तिथं ते माशाच्या तोंडात होतं.

शिरूर हे नाव कागदावरचं. जुन्या माणसांच्या तोंडी हे गाव अजून घोडनदीच आहे. गावाला नदीचं नाव पडावं इतकी ती घरातली, आणि तिच्या काठी गळ टाकून बसणं हा माझा रविवारचा कुळाचार. गळाला गांडूळ लावायचं, बुचाची गोळी पाण्यावर सोडायची आणि बसायचं. पुढचं सगळं गांडूळ बघतं. तेच वळवळतं, तेच वास सोडतं, तेच माशाला बोलावून आणतं. आपण फक्त शेवटी सही करायची. नोकरीची सवय न मोडता करता येण्यासारखी अशी दुसरी करमणूक माझ्या पाहण्यात नाही.

यात बिब्बा घातला भाच्यानं. तो रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर अमेरिकन लोक मासे धरताना बघतो. एके दिवशी त्यानं माझ्यापुढं प्लॅस्टिकची एक डबी उघडली. आत शिशाचे हरभऱ्याएवढे गोळे होते. प्रत्येक गोळ्यात एक गळ ओतून पक्का केलेला, आणि मागं कुठं रबराची शेपटी, कुठं रबरी झिरमिळ्या.

"मामा, हे जिग. अमेरिकेत याच्यावर बास धरतात."

"आणि आपल्याकडं?"

"आपल्याकडं बास नसतो."

"मग बास!" मी म्हणालो, आणि डबी मिटली.

पण भाचा ऐकणारा नव्हे. बास नसला तरी आपल्याकडं मरळ आहे, असं त्याचं म्हणणं. आणि ते खोटं नाही. बासही शिकारी, मरळही शिकारी. दोन्ही शेवाळाच्या, गवताच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि समोरून काही दुबळं, भांबावलेलं जाताना दिसलं की झडप घालतात. जिगनं नेमकं तेच सोंग आणायचं असतं. अडचण एवढीच, की तो स्वतः काही करत नाही. पाण्यात टाकला की दगडासारखा तळाला जातो आणि तिथं वारसाहक्कानं मिळाल्यासारखा पडून राहतो. काठीचं टोक वीतभर उचलायचं, तो उडी मारतो. मग दोर थोडा सैल सोडायचा, तो खाली पडतो. मासा त्याला बहुधा पडतानाच उचलतो. म्हणजे दोर सैल असतानाच उचलतो, आणि हाताला कळतं ते एवढंसं 'टक्'. गांडुळाला जीव देवानं दिलेला असतो. जिगला तो मनगटानं द्यायचा. जिगला जिगर लागते, हे वाक्य भाच्याचं. माझं असतं तर मी ते छापलं नसतं.

नदीवर एक म्हातारे बाबा कायम असतात. त्यांनी तो शिशाचा गोळा तळहातावर घेऊन वजन केलं आणि विचारलं, "सायेब, शिसं खाऊन मासा जगतोय व्हय?"

आता गंमत पाहा. डब्यात गांडूळ असलं की माणूस जिग दोनदा टाकतो, तिसऱ्यांदा घड्याळाकडं बघतो आणि चौथ्यांदा गांडूळ लावतो. मासा गांडुळाला लागतो. म्हणजे जिगला मासे लागत नाहीत, हे सिद्ध झालं. जिगवर विश्वास नाही म्हणून तो मन लावून टाकला नाही. मन लावून टाकला नाही म्हणून मासा नाही. आणि मासा नाही म्हणून विश्वास नाही. ही आमच्या सोमवारवाल्या कर्जदाराचीच फेरी. गांडूळ डब्यात असेपर्यंत जिगच्या खटल्याचा निकाल आधीच लागलेला असतो, नंतर नुसती सुनावणी चालते.

भाच्याचा पहिला नियम म्हणूनच कडक होता : गांडुळाचा डबा घरी. दुसरं काही टाकायला नसलं की माणूस आहे तेच नीट टाकायला शिकतो. तीन रविवार मी घरी हात हलवत आलो. "अहो, बाजारात चिलापी मिळते," असं घरातून सुचवण्यात आलं. सुचवणाऱ्या व्यक्तीचा माझ्या जिगवर विश्वास नव्हता. पण तसा तो माझ्या बऱ्याच गोष्टींवर नाही.

मग आम्ही न्हावरा, चौफुला करत दौंडला भीमेवर जायला लागलो. (चौफुल्याला थांबून लावणीला न जाता माशाला जाणारे प्रवासी आम्हीच असू.) दौंडची भीमा म्हणजे अर्धी पुण्याची. पुणेकरांनी वापरून परत केलेलं पाणी मुळा-मुठेतून वर भीमेत उतरतं आणि दौंडवरून पुढं उजनीकडं जातं. १९८० साली उजनी धरण झालं तसं खालचं पाणी थांबलं आणि चिलापीचं राज्य आलं. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली देशात आणला, आणि आता भिगवणच्या बाजारात तो गावकऱ्यांपेक्षा जुना वाटतो. जलपर्णी चुकवून जिग टाकायला मोकळं पाणी मिळालं, तरी जिगला चिलापी सहसा विचारत नाही. पण दौंडला माझा हात शिकला. तळाला मुरूम असला की दोरातून खरखर येते, गाळ असला की जिग लोण्यात रुतल्यासारखा जड येतो, खडक असला की खणखणीत टक्. पाण्याखालचं न दिसणारं गाव मला दोरातून कळायला लागलं. एक मासा लागलेला नव्हता, तरी जिगवर माझा विश्वास पहिल्यांदा बसला तो तिथं, आणि तो माशामुळं नव्हे, तळामुळं. हे मला स्वतःलाही चमत्कारिक वाटलं.

मरळ लागली ती चिंचणीला, घोड धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. अशा पाण्यात मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो, तेव्हा रीतसर विचारून बसलो होतो. गवताच्या कडेला जिग पडला, खाली चालला, आणि मध्येच पडायचा थांबला. टक् सुद्धा नाही. नुसता थांबला. दौंडच्या आधी मला हे कळलंच नसतं. काठी उचलली आणि पलीकडून कुणीतरी चेक वटवायला आल्यासारखा हिसका बसला. सव्वा किलोची मरळ. घरी तिचं कौतुक झालं, जिगचं नाही.

ही भानगड थोरामोठ्यांनीही केली आहे, हे मला नंतर एका जाड पुस्तकात सापडलं. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणित्यानं १८७७ साली ठणकावून सांगितलं, की पुराव्याशिवाय विश्वास ठेवणं ही नुसती चूक नव्हे, पाप आहे. त्याचं उदाहरण जहाजाच्या मालकाचं. जहाज जुनं झालंय हे ठाऊक असून मालक मनाची समजूत घालतो, की आजवर बुडालं नाही ते आता कशाला बुडतंय. जहाज माणसांसकट बुडतं आणि मालक विम्याचे पैसे घेतो. (विमा आला तसा माझ्यातला बी. कॉम. सावरून बसला.) त्यावर अमेरिकेतल्या विल्यम जेम्सनं १८९६ साली सांगितलं, की काही गोष्टी अशा असतात, की आधी विश्वास ठेवला तरच त्या खऱ्या होतात. त्यानंच दुसरीकडं डोंगरात अडकलेल्या माणसाचा दाखला दिलाय. उडी मारल्याशिवाय सुटका नाही. जमेल असं वाटलं तर पाय नीट उचलला जातो, शंका काढत बसला तर अंगातलं बळ जातं आणि माणूस दरीत.

चिंचणीच्या मरळीनंतर मी अर्थातच जेम्सच्या पार्टीत गेलो. पण बँकेत बसणाऱ्या माणसाला त्या पार्टीत फार वेळ बसता येत नाही. कारण 'आधी विश्वास ठेवा, मग फळ मिळेल' हे वाक्य काउंटरपलीकडं मी अनेकदा ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्याच्या हातात नेहमी कुठल्या तरी योजनेचं रंगीत पत्रक असतं. मग जिग आणि पत्रक यांत फरक काय? आधी थोडं टाकून बघावं, म्हणाल, तर त्या योजनाही थोड्याचं व्याज पहिले काही महिने चोख देतात. तेच तर त्यांचं गांडूळ. मला पटलेला फरक असा : जिगवर मी विश्वास ठेवला की माझा हात सुधारतो, आणि मासा हातामुळं लागतो. योजनेवर विश्वास ठेवला तर माझ्या हाताला काहीच काम नसतं. फरक पडतो तो दुसऱ्याच्या खिशात.

हा नियम मी भाच्याला सांगितला तेव्हा त्यानं तो लगेच मोडून दाखवला. "मग मामा, बचत गटाला बँक तारण न घेता कर्ज देते, तिथं हात कुणाचा?" नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला घेतले. बायका आधी महिनोन् महिने आपसांत पैसे साठवतात, आपसांतच फिरवतात, मग बँक पुढं येते. फेड त्यांच्या हातात, विश्वास आमचा. आणि विश्वास टाकला म्हणून हप्ते जास्त नेमानं येतात, असं माझं काउंटरवरचं मत आहे. म्हणजे दुसऱ्याचा हातसुद्धा विश्वासानं सुधारतो कधीकधी. तरी त्यांचा तळ आधी चाचपलेला असतो, असं मी भाच्याला म्हणालो. त्याला ते पटलं नाही. मला निम्मं पटलंय.

त्याच सुमारास आमचं एकदा वाजलं. मरळीची पिल्लं तांबूस रंगाची असतात. त्यांचा घोळका हवा घ्यायला वर आला की तेवढंच पाणी मंद आचेवर उकळल्यासारखं दिसतं, आणि खाली आईबाप राखणीला असतात. त्या घोळक्यात जिग टाकला की मोठी मरळ हमखास अंगावर येते. "मामा, इथं फुकट जात नाही," भाचा म्हणाला. फुकट जात नाही हे खरं. पण ती भुकेनं येतच नसते. पिल्लांवर काहीतरी चालून आलं म्हणून ती हाणायला येते. आणि ती गेली, की घोळका उघडा. मी काठी गुंडाळली. भाचा म्हणाला, माशाला फसवायचंच आहे तर भुकेला फसवलं काय आणि मायेला फसवलं काय. मी म्हणालो, फरक आहे. तो काय, हे मला त्याला सांगता आलं नाही. चिंचणीहून शिरूरपर्यंत आम्ही क्रिकेटवर बोललो.

२०१९ साली सांगली-कोल्हापूरकडं कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे अडकले, तेव्हा आमच्याकडं चहाच्या टेबलावर 'हाव नडली' असा एकमुखी ठराव पास झाला होता. परवा एक निवृत्त गृहस्थ एफडी मोडायला आले. मुदत संपायला चार महिने बाकी. बोलता बोलता खिशातून पत्रक निघालं. दाम दुप्पट, भारी कागद, वर लक्ष्मी.

"काका, एवढी घाई कशाला?" मी विचारलं.

"नातीला फार्मसीला घालायचंय. तुमच्या व्याजात होत नाही ते."

ते पैसे कशावर वाढणार, हे त्यांना कुणी दाखवलंय का, असं मी विचारलं. दाखवलं नव्हतं, पण माणूस ओळखीचा होता आणि शेजाऱ्याला सहा महिने व्याज वेळच्या वेळी आलं होतं. मी त्यांना मुदतपूर्व मोडण्याचा दंड सांगितला, शैक्षणिक कर्जाचा अर्ज दिला, आणि जो माणूस दुप्पट देतो तो आमच्याकडून कर्ज काढून स्वतःच का दुप्पट करत नाही, हेही विचारून पाहिलं. ते हसले. म्हणाले, "तुम्ही बँकवाले कुणावर विश्वासच ठेवत नाही."

मागं रांग वाढली होती. ते बाकावर जाऊन बसले. कर्जाचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, पत्रक एकदा. मग उठून आले आणि म्हणाले, निम्मीच मोडा, निम्मीची पावती पुन्हा करून द्या. मी करून दिली. पावतीची घडी त्यांनी वरच्या खिशात ठेवली, नोटा मोजून पिशवीत टाकल्या, आणि अर्ज विसरला असं वाटून मी हाक मारणार, एवढ्यात परत येऊन तोही घेऊन गेले.