क्लब कोणाचा, देव कोणाचा

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीतून काढता पाय घेतला. मँचेस्टर सिटीच्या या मालकांनी २०१९ मध्ये मुंबईच्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्यांच्या काळात क्लबने इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) दोनदा लीग शील्ड आणि दोनदा करंडक जिंकला. पुढे लीगचंच भवितव्य अधांतरी झालं, तेव्हा त्यांनी आपला हिस्सा मूळच्या मालकांच्या हवाली केला. पाठीराख्यांच्या हाती आलं ते फक्त पत्रक. समूह आला तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मग जाताना कोण विचारणार?

या पाठीराख्यांत विरारच्या पलीकडचेही आहेत. पालघर-बोईसरच्या माणसाला एरवी कोणी मुंबईकर म्हणत नाही. २०१४ पासून त्याचा जिल्हाही ठाण्यापासून वेगळा झाला. मुंबई सिटी क्लबचा जन्मही त्याच वर्षीचा. तारापूर एमआयडीसीतल्या कंपनीची पाळी संपवून, आकाशी जर्सी चढवून बोईसरहून लोकल धरायची, सुमारे ८० किलोमीटरवर अंधेरीला उतरायचं आणि क्रीडा संकुलात जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचं. साडेसातचा सामना साडेनऊच्या सुमारास संपतो, आणि डहाणूकडे परतणाऱ्या गाड्या मोजक्याच. इंज्युरी टाइमची पाटी वर गेली की या मंडळींचा एक डोळा चेंडूवर असतो नि दुसरा घड्याळावर.

अशा माणसाचा क्लबवर हक्क कोणता? कंपनी कायदा विचारला तर काहीच नाही. तो ग्राहक, तिकिटाचे पैसे दिले, सामना पाहिला, व्यवहार संपला. पण तो स्वतः ‘आपला क्लब’ म्हणतो, आणि हा शब्द अगदीच पोकळ आहे असं मालकही म्हणत नाहीत. याच आपलेपणावर तर ते जाहिरातदार गाठतात.

बोईसर-तारापूरच्या भागाला कागद आणि आपलेपणा यांतला हा पेच नवा नाही. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. जमिनीचा मोबदला सातबारा पाहून ठरतो. गावपणाची नोंद सातबाऱ्यावर कुठल्याच रकान्यात नसते.

मालक आणि ग्राहक यांच्या मधली एक जागा मात्र आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे. ती देवळात सापडते. कोलकात्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेची मूर्ती आपल्या पूजेच्या पाळीत स्वतःच्या घरी न्यायची की नाही यावरून भाऊबंदकी पेटली. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की मूर्ती म्हणजे वाटेल तिकडे हलवावं असं सामान नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि तिची इच्छाही विचारात घ्यायला हवी. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. देवाच्या मालमत्तेचा कारभारीच देवाच्या हिताविरुद्ध वागू लागला, तर साधा भक्तही देवाच्या वतीने दावा लावू शकतो, असं त्या न्यायालयाने ठरवलं. भक्ताला मालकी मिळाली नाही, पण कोर्टात उभं राहायला जागा मिळाली.

महाराष्ट्राला याचं जवळचं उदाहरण पंढरपूरचं. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा. त्यावरची कोर्टबाजी सर्वोच्च न्यायालयात मिटली ती जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं गेली, पण विठ्ठल ही कोणा घराण्याची मिळकत नाही, यावर शिक्का बसला.

आता मल्लिकांची मूर्ती आठवून पुण्याकडे पाहावं. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये हैदराबादचं बिऱ्हाडही उठून दिल्लीला गेलं. पुण्याच्या पाठीराख्यांना ‘आमचा क्लब हलवू नका’ म्हणायला कुठलं दारच नव्हतं. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या लोकांनी सरळ नवा क्लब काढला, खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये विम्बल्डनमधल्या प्लाऊ लेनवर परतले. त्या क्लबची सूत्रं आजही पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे आहेत.

अर्थात, क्लब म्हणजे देव नव्हे. देवाला खेळाडूंचे पगार द्यावे लागत नाहीत. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये आणि पुणे एफसी २०१५ मध्ये आटोपते झाले, कारण खर्च उचलणाऱ्या उद्योगसमूहांनी हात आखडता घेतला. तोटा सोसणाऱ्याला सगळं ठरवू द्यावं, हा युक्तिवाद म्हणूनच झटकून टाकण्यासारखा नाही. पण देवस्थानाला मोठी देणगी देणाऱ्यालाही देवाचं नाव बदलता येत नाही, एवढं तरी मान्य व्हावं.

कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या लोकांनी नेमका तेवढाच आग्रह धरला. १८८९ च्या या क्लबच्या नावापुढे २०२० मध्ये नव्या मालकांनी ‘एटीके’ ही अक्षरं लावली. फलक आणि घोषणांनी तीन वर्षं ‘एटीके काढा’ हा धोशा चालू राहिला. मार्च २०२३ मध्ये संघाने गोव्यात अंतिम सामना जिंकला आणि त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांनी ती अक्षरं काढल्याचं जाहीर केलं. मालक तेच राहिले. पण जे बदलायचा त्यांना अधिकार नव्हता, ते त्यांनी परत दिलं.

त्याच शहरात दुसरी बाजूही दिसली. जुलै २०२१ मध्ये गुंतवणूकदाराच्या करारावर सही करावी की नाही यावरून ईस्ट बंगालचे पाठीराखे क्लबच्या दारात आपसांतच भिडले, पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. कायद्यापेक्षाही अवघड प्रश्न हा आहे. भक्तांच्या वतीने बोलणार कोण? मोठ्याने ओरडणारा प्रत्येक जण देवाचा वकील नसतो.

जर्मनीने याचं उत्तर सभासदांच्या यादीतून काढलं. तिथे काही अपवाद वगळता क्लबमधली निम्म्याहून एक जास्त मतं वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या संस्थेकडे राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या लीगने प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा खासगी गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, तेव्हा स्टँडमधून मैदानावर टेनिस बॉलचा पाऊस पडला, सामने थांबले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत गुंडाळावा लागला. इंग्लंडच्या २०२५ च्या कायद्याने तर बोधचिन्ह आणि घरच्या सामन्यांतल्या जर्सीचे रंग बदलण्याआधी पाठीराख्यांचा कौल घेणं क्लबवर बंधनकारक केलं.

मुंबई सिटीच्या पाठीराख्यांना क्लब विकत घ्यायची गरज नाही, आणि ते परवडणारंही नाही. मालकी नुकतीच हलली आहे, म्हणून मागायची वेळ आत्ताच आहे. नाव, रंग आणि शहर या तीन गोष्टी पाठीराख्यांच्या संमतीशिवाय बदलणार नाही, असा लेखी शब्द मूळ मालकांकडून घ्यावा. तो मागायला एकेकट्याने नव्हे, तर वर्गणी, मतदारयादी आणि निवडणूक असलेली नोंदणीकृत संस्था म्हणून जावं. त्या संस्थेत बोईसर, पालघर आणि वसईच्या सभासदांचंही मत मोजलं जावं. संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सुरुवातीला ७ माणसं पुरतात.