चावडीवरचा कागद

"कागद लावला होता ना जी? मंग कळवलंच ना!" सानगडीतल्या चहाच्या टपरीवर फेरफाराचा वाद रंगला होता, तिथे एका गृहस्थांनी हा निकाल देऊन टाकला. तेव्हापासून तो मला टोचतो आहे. कचेरीतही 'इंटिमेशन दिलं' म्हटलं की फाईल पुढे सरकते. ज्याला दिलं त्याला ते पोचलं का, हे विचारायला कुणी थांबत नाही.

कळवणं सांगणाऱ्याच्या हातात असतं, कळणं ऐकणाऱ्याच्या पदरात पडावं लागतं. मधल्या अंतराची जबाबदारी कुणाची, यावरच सगळं भांडण आहे.

टपरीवरच्या गृहस्थांच्या बाजूने थेट सर्वोच्च न्यायालय उभं आहे. रिझर्व्ह बँकेची सोन्याविषयीची अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ ला राजपत्रात आली. चारच दिवसांनी झुरिचहून मनिलाकडे निघालेला मायर हान्स जॉर्ज मुंबईच्या विमानतळावर सापडला, अंगावर ३४ किलो सोनं लपवलेलं. नियम ठाऊकच नव्हता, असं त्याचं म्हणणं. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरवलं: राजपत्रात छापलं, पुरे झालं. न्या. सुब्बाराव यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

माझा कौल बरेच दिवस सुब्बारावांकडे होता. पण भाऊबंदकीत नोटीस आली की दाराला कडी लावणारे गावोगाव आहेत. कळल्याशिवाय कळवलं धरायचं नाही, असं ठरवलं तर जो कान झाकेल तोच जिंकेल. कायद्याला कुठली तरी एक तारीख धरावीच लागते. हे मला आता मान्य आहे.

तरीही टपरीवरचा निकाल चूकच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५० तलाठ्याला दोन कामं सांगतं: नोंदीची प्रत चावडीत लावायची, आणि अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या सर्वांना लेखी कळवायचं. जगभरच्या प्रवाशांची नावं सरकारला ठाऊक नसतात, म्हणून तिथे राजपत्र. चावडीवरचा कागदही तसाच, ज्याचं नाव नोंदीत नाही त्याच्यासाठी. ज्याचं नाव सातबारावर आहे, त्याला तोच कागद दाखवून कसं चालेल?

कोतवाल डफडं वाजवत मुनादी देई, तेव्हा लोक ओसरीवरून विचारत, "कवाची तारीख? कोनाचं वावर?" तो थांबून सांगे. न समजलेलं तिथल्या तिथे उलगडे. आता काच तडकलेल्या फलकावर एकावर एक टाचलेले कागद असतात. वरचा उचलल्याशिवाय खालचा दिसत नाही. 'आपली चावडी' संकेतस्थळामुळे तो फलक घरबसल्या पाहता येतो, हे चांगलंच झालं. पण पाहायचं आहे हे आधी कळायला हवं.

वडिलांमागे सातबारावर नाव लागलेली बहीण गोंदियाला नांदते, आणि भाऊ इथे वाटणीचा फेरफार घालतात. ती सानगडीची चावडी रोज वाचायला येणार आहे का? मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करण्याआधी तिची पोच, नाहीतर तिने नोटीस नाकारल्याचा शेरा, फाईलमध्ये पाहावा. दोन्ही नसतील तर नोंद थांबवावी.