शिकाऊ हात

सणांचे दिवस आटोपले, सुक्का उतरवून झाला आणि त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी दिमोनाहून अश्दोदला माझ्याकडे दोन दिवस राहायला आली. चहा होईपर्यंतही तिला धीर नव्हता. पिशवीतून कागद काढून म्हणाली, "मावशी, एक पत्र अडलंय."

भाचीला अमेरिकेत जाऊन कथालेखनात एम. एफ. ए. करावयाचे आहे. गोष्टी लिहायला कोणी विद्यापीठात जाते का, असा प्रश्न आमच्या पिढीच्या वाचकांना पडेल. मलाही पडला. परंतु अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे. आयोवा विद्यापीठात १९३६ साली असा अभ्यासक्रम सुरू झाला आणि आता तेथे ठिकठिकाणी तो आहे. दोन किंवा तीन वर्षांचे शिक्षण. डिसेंबर-जानेवारीपर्यंत अर्ज करावयाचा, सोबत आपल्या लेखनाची वीस-तीस पाने, गुरुजनांची शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचे निवेदन. सर्वांत जास्त वजन त्या पानांना.

फी मात्र आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. म्हणून पुष्कळ विद्यापीठे टीचिंग असिस्टंटशिप देतात. फी माफ आणि महिन्याला काही विद्यावेतन. त्याच्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवावयाचे. परदेशी विद्यार्थ्याला बाहेर नोकरी करण्याची सहसा परवानगी नसते, आणि विद्यापीठातही शिक्षण चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. तेव्हा ज्या घरात बापाने जन्मभर बस चालवली, त्या घरातल्या मुलीला ही असिस्टंटशिप म्हणजे आत शिरण्याचा एकच दरवाजा.

अडलेले पत्र त्या असिस्टंटशिपसाठीचे होते. तुम्हाला का शिकवावयाचे आहे, अनुभव काय, ते लिहा. तिने लिहिले होते की शिकवण्याची मला लहानपणापासून मनापासून ओढ आहे. आणि त्यावर काट मारली होती.

"हे खोटं आहे मावशी. मला लिहायला वेळ पाहिजे आणि फीला पैसे नाहीत, एवढंच खरं. अठरा वर्षांची पोरं माझ्यापुढे बसणार, त्यांच्या आईबापांनी पैसे भरलेले असणार, आणि मी स्वतःच अजून शिकते आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ही म्हण तिला तिच्या नानीने, म्हणजे माझ्या आईने, दिलेली. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, "लिहून टाक म्हणावं. सगळे तसंच लिहितात." गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. बहिणीला अक्कल आहे, पण गरजही आहे.

रात्री मी विचार करीत पडले. वास्तविक येथे दोन प्रश्न आहेत. जो अजून शिकतो आहे त्याने दुसऱ्याला शिकवावे काय? आणि पोटासाठी करावयाच्या कामाला आवडीचे नाव द्यावे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या धंद्यात सापडते. मुंबईत मॅट्रिक होऊन १९७६ साली मी येथे आले, उलपान केले आणि नर्सिंगला गेले. नर्स कोणावर शिकते? रबरी हातावर थोडे दिवस, मैत्रिणीच्या हातावर एकदा-दोनदा, आणि मग एक दिवस आजारी माणसाच्या जिवंत हातावर. शिकलेल्या हातानेच रोग्याला शिवावे असा नियम केला, तर एका पिढीनंतर शिकलेला हातच उरणार नाही. म्हणजे शिकाऊ माणसाने काम करणे हे पाप नव्हे. प्रश्न आहे तो कोणत्या अटींवर.

दुसऱ्या वर्षी एका वृद्ध गृहस्थांना सलाईनची सुई लावावयाची होती. त्यांनी विचारले, "यापूर्वी कधी केलं आहेस का?" मी म्हणाले, "पुष्कळदा." ते खोटे होते. सिस्टर पलीकडच्या खाटेवर होत्या. त्यांच्यासाठी मी थांबले नाही. शीर फुटली. दुसऱ्यांदा टोचले, तीही फुटली. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त मी खाटेजवळ गेले की ते हात चादरीखाली घेत. चाळीस वर्षांच्या नोकरीत तो चादरीखाली गेलेला हात मी विसरले नाही.

सुई चुकली हा माझा अपराध नव्हता. सुई सर्वांचीच चुकते. त्यांनी मला विचारले ते आपले आपण ठरवता यावे म्हणून. "नाही, पहिलीच वेळ आहे, सिस्टर येतात, त्यांच्यासमोर करते," असे मी म्हणाले असते तर बहुधा त्यांनी हात पुढे केलाच असता. पुष्कळ रोगी करतात. त्यांनी जे मला दिले असते, ते मी चोरून घेतले. पुढे माझ्या हाताखाली मुली शिकायला आल्या तेव्हा मी तीनच नियम केले. शिकाऊ आहे हे रोग्याला सांगावयाचे. मी जवळ असल्याशिवाय हात लावावयाचा नाही. आणि एकदा चुकले की बाजूला व्हावयाचे.

वर्गाला हे नियम लागू पडतात काय? काही अंशी. तेथे नव्या असिस्टंटना बहुधा आधी काही दिवसांचे प्रशिक्षण देतात, कसे शिकवावे याचा एक वर्गही असतो आणि वर देखरेखीला एक प्राध्यापक असतात. परंतु प्रत्यक्ष वर्गात ती पुष्कळदा एकटीच असणार. कोपराजवळ सिस्टर उभी नाही. शिवाय हातावरचा डाग दिसतो आणि पंधरा दिवसांत जातो. अठरा वर्षांच्या मुलाला थकल्या तोंडाने "तुला लिहिता येत नाही" म्हटले तर तो डाग कोणालाच दिसत नाही. म्हणून जबाबदारी कमी नव्हे, जास्तच. विद्यापीठाचे काम स्वस्तात होते हेही खरे. इस्पितळेही शिकाऊ मुलींच्या हातांवर चालत आली आहेत. ही व्यवस्था बदलणे भाचीच्या हाती नाही. आपल्या तासाला जागे राहणे तिच्या हाती आहे.

आता आवडीचा प्रश्न. मी सेवेच्या ओढीने नर्स झाले काय? नाही. घरात पाच भावंडे होती, नर्सिंगला राहण्याची सोय होती आणि पुढे नोकरी नक्की होती. ओढ मागाहून आली, आणि काही दिवस ती नसेच. त्या गृहस्थांनी मला "तुझं या कामावर प्रेम आहे का?" असे विचारले नव्हते. रोग्याला हवे असतात स्वच्छ हात, बरोबर मात्रा आणि आपल्याकडे असलेले लक्ष. आपल्या समाजाचे कवी निस्सिम इझिकेल यांना १९८३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यांनीही मुंबईच्या मिठीबाई कॉलेजात आणि पुढे विद्यापीठात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले. कवितेवर घर चालत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. गरज सांगण्याची लाज वाटू नये. लाज वाटावी ती सोंगाची.

सकाळी मी भाचीला एवढेच म्हणाले, "ओढीचं वाक्य काढ आणि खरं ते लिही." ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मी वर्गात कधी शिकवलेले नाही, असे तिने लिहिले. या मदतीवाचून मला येता येणार नाही, असेही लिहिले. मग पेन थांबले. मी विचारले, "नानीला हिब्रू अक्षरं कोणी शिकवली?" ऐंशीच्या घरात माझी आई बँकेत स्वतःच्या हाताने सही करू लागली, ती या मुलीमुळे. एकच अक्षर एकाच तऱ्हेने दहा वेळा सांगून उपयोग नसतो, दहावी तऱ्हा शोधावी लागते, हे तिला तेव्हाच कळले होते. तो अनुभव म्हणून मोजता येतो, हे मात्र सुचले नव्हते.

बहीण माझ्यावर रागावली आहे. "तुझं काय जातं? तुझी पेन्शन चालू आहे." ती म्हणते ते खरे आहे. गोड पत्र लिहिणाऱ्या दुसऱ्या कोणाला ती जागा मिळाली, तर त्याला मीच कारण. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. ते पत्र वाचणारा माणूसही "यापूर्वी कधी केलं आहेस का?" असेच विचारतो आहे, आणि तो विचारतो आहे त्या मुलांच्या वतीने, जी त्या वेळी तेथे हजर नाहीत.

अर्ज डिसेंबरात गेले. पुष्कळ विद्यापीठांनी १५ एप्रिल ही तारीख आपसांत मान्य केली आहे. मदत देऊ केली, तरी त्यापूर्वी होकार देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घालावयाचे नाही. म्हणजे पेसाहच्या सुमारास काय ते कळेल. तोवर भाची शेजारच्या एका मुलाचे निबंध आठवड्यातून दोनदा तपासून देते, पैसे न घेता. शिकवण्याची मला सवय नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले म्हणाली.

माझा सल्ला चुकला असे ज्या वाचकांना वाटेल, त्यांनी जरूर लिहावे. बहिणीला मी ती पत्रे दाखवीन.